दोन विद्यापीठांमधलं वर्ष

बारावीनंतर मी नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं ते मामाच्या सांगण्यावरून. मामा सातपूरच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात होता. पंचवटीत निमाणी बस स्टँडच्या मागे दोन खोल्यांत तो, मामी आणि त्यांची लहान मुलगी राहायचे, त्यात माझी भर. "केमिस्ट्री घे," मामा म्हणाला होता. "डिग्री हातात आली की मी साहेबांच्या कानावर घालतो. लॅबमध्ये पांढरा कोट घालून बसशील. आमच्यासारखी खोकी उचलायला नकोत."

चांदवडला आमच्या घरी यावर फारसं बोलणं झालं नाही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. हायवेच्या स्टँडजवळ त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं, शाळेचे गणवेश हे त्यातलं मुख्य काम. पांढऱ्या कोटाचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्यो कंपनी देती का आपण शिवायचा?"

मला गणित आवडायचं. पण गणित शिकून पुढे काय, याचं उत्तर आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हतं, आणि केमिस्ट्रीचं उत्तर मामाकडे तयार होतं. शिवाय पहिल्या वर्षाला केमिस्ट्री, फिजिक्सबरोबर गणितही होतंच. तेव्हा माझी काही तक्रार नव्हती.

पहिल्या टर्मच्या प्रॅक्टिकलला ब्यूरेटच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे आणि खालच्या फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी झालं की नळी बंद करायची, असा प्रयोग असायचा. शेजारच्या टेबलावर माझ्या पुढच्या रोल नंबरची एक मुलगी होती, नाशिकरोडहून यायची. मी सोडतोय, सोडतोय, आणि ती एकदम ओरडली, "अरे थांब की! कधीच झालं. गडद झालंय आता!" मी पाहिलं. मला ते पाणी आधी जसं होतं तसंच दिसत होतं, जरासं मळकट असेल तर असेल. मला वाटलं लक्ष नव्हतं आपलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनेच नळी बंद केली आणि आकडा मला लिहायला दिला.

लक्ष नसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. अण्णा मशिनीवर बसलेले असायचे आणि मागच्या फळीवरून रीळ आणायला मला सांगायचे. मी हिरव्या दोऱ्याऐवजी तपकिरी घेऊन जायचो. "ध्यान कुठं हाय तुझं?" म्हणून एकदा हातातली पट्टी बसली होती. पुढे ते काम त्यांनी बहिणीला सांगायला सुरुवात केली. माझ्या मनात मीच वेंधळा ठरलो होतो आणि त्याचं मला विशेष काही वाटतही नव्हतं.

दुसऱ्या टर्मला क्षार ओळखायचे प्रयोग आले आणि सगळं उघडकीला आलं. तारेच्या टोकाला पूड लावून ती ज्योतीत धरायची. एका धातूची ज्योत हिरवी, एकाची लाल. माझ्यासाठी दोन्ही ज्योती पिवळसरच. मी अंदाजाने लिहायचो आणि अंदाज चुकायचा. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला सुटका होईल म्हटलं, तर तिथे रेझिस्टरवर रंगांचे बारीक पट्टे, त्यावरून त्याच्या रोधाची किंमत काढायची. थिअरीत मला चांगले मार्क आणि प्रॅक्टिकलला जेमतेम. आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी एकदा दोन परीक्षानळ्या माझ्यासमोर धरल्या आणि विचारलं, "यातला हिरवा कुठला?" मी बोट दाखवलं. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि शालिमारजवळच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला.

डॉक्टरांनी ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक पुढे ठेवलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा दडलेला आहे, तो वाचायचा. पहिल्या पानावरचा मी वाचला. नंतरच्या पानांवर मला फक्त ठिपके दिसत होते. डॉक्टर पानं उलटत राहिले आणि मी "नाही, नाही" म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. "तुला तांबडा आणि हिरवा वेगळे काढता येत नाहीत. जन्मापासून आहे हे. नजर अगदी छान आहे तुझी, चष्मासुद्धा लागणार नाही."

"औषध?" मी विचारलं.

"नाही. हे आईकडून येतं बहुतेक. तिला त्रास नसतो, मुलाला येतो. मामा आहे का तुला?"

मी हो म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी मामी भाजी निवडत होती, मामा कंपनीतून येऊन चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. मामाने कप खाली ठेवला. मला वाटलं तो चिडणार. पण तो म्हणाला, "मग? मला तरी कुठं कळतो हिरवा-तांबडा?"

मामीने वर पाहिलं.

"सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. मंडईत तू बरोबर असतीस. कंपनीत खोक्यावर अक्षरं असतात. निभतंय ना? मला वाटायचं सगळ्यांचंच असं असंल, आपलं ध्यान कमी." मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाला, "कुणाला सांगू नको. डॉक्टरला काय जातंय बोलायला! त्या पोरीला विचारत जा, ती सांगती ना? डिग्री काढ. नोकरी माणसं बघून लागती."

मामी लग्नानंतर इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून भाजी निवडत होती आणि तिला हे त्या दिवशी कळलं. टोपल्यातला एक टोमॅटो तिने त्याच्यासमोर धरला, "हा पिकलाय का कच्चा?" मामाने तो हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाला, "पिकलाय." त्याचं बरोबर होतं.

चांदवडला सांगितलं तेव्हा आई रडली. "म्हणजे माझ्याकडनंच आलं का ते?" हे ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. अण्णा मशिनीवरून उठले, दुकानाच्या दारात जाऊन हायवेकडे बघत उभे राहिले. पट्टीच्या त्या फटक्याचं त्यांना आठवलं असेल का, मला माहीत नाही. त्यांनी कधी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मॅडमचं म्हणणं वेगळं होतं. "पहिलं वर्ष काढशील कसंही. पण आयुष्यभर लॅबमध्ये काय करणार आहेस? तुझं गणित इतकं चांगलं आहे." गणित घेऊन तिसरं वर्ष करावं, तर आमच्या कॉलेजात गणिताची तिसऱ्या वर्षाची तुकडी नुकतीच बंद झाली होती, पुरेशी मुलं मिळत नव्हती. राहिली केमिस्ट्री नाहीतर फिजिक्स. म्हणजे ज्योती नाहीतर पट्टे.

मॅडमच्या नात्यातले कुणी गुजरातेतल्या एका विद्यापीठात होते. तिथे संख्याशास्त्राचा वेगळा विभाग होता आणि दुसऱ्या वर्षाला बाहेरच्या विद्यापीठांतली मुलंही घेत होते. संख्याशास्त्र म्हणजे नक्की काय, हे मॅडमनी मला रिकाम्या लॅबमध्ये खडूने टेबलावर लिहून समजावलं. एका वेळी एका माणसाचं काही सांगता येत नाही, पण हजार माणसांचं बरंच काही सांगता येतं. मला ते फार आवडलं. त्यात बघायचं काही नव्हतं, सगळं मोजायचं होतं.

मामाला हे पटलं नाही. "चालती गाडी सोडून दुसरीत उडी मारायची? पडला तर?" पण अण्णा पहिल्यांदाच मध्ये पडले. म्हणाले, "जाऊ दे त्याला. दिसत नाय त्यो धंदा कशाला करायचा?"

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची गाडी पकडून मी गेलो. दिंडोरी, वणी, मग सापुताऱ्याचा घाट उतरून पार पलीकडे. विभागप्रमुख वयस्कर होते, पांढरा झब्बा, कानावर केस. त्यांनी मला एक गणित घातलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी सोडवून पुढे ठेवलं. त्यांनी एक पायरी खोडली, तिच्याजागी छोटी पायरी लिहिली आणि हिंदीत म्हणाले, "गणित तो ठीक है बेटा. घर से दूर रह लोगे?" मी हो म्हणालो. प्रवेश तात्पुरता मिळाला. आधीच्या विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट आणा, म्हणजे तिथलं नाव कमी झाल्याचा दाखला, मग पात्रता विभाग मंजुरी देईल आणि पक्कं होईल, असं ऑफिसने सांगितलं.

मी नाशिकला येऊन मायग्रेशन काढलं. कॉलेजच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं होतं, "नक्की ना? एकदा घेतलं की इथलं नाव गेलं." मी नक्की म्हणालो. मला त्या वेळी आनंदच झाला होता.

त्यानंतरचे काही महिने माझ्या शिक्षणातले खरे महिने होते. वर्गात आम्ही मोजकीच मुलं. शिकवणं इंग्रजीत, मधली चेष्टा-मस्करी गुजरातीत. पहिले काही आठवडे मला हसायचं कधी ते कळायचं नाही, सगळे हसले की मी हसायचो. खोलीतला मित्र भरूचकडचा होता, त्याने मला डाळीत गूळ घालायची सवय लावली. प्रॅक्टिकलला कॅल्क्युलेटर आणि कागद. एकदा विभागप्रमुख सरांनी आम्हाला एसटी स्टँडवर पाठवलं, बस किती उशिरा येतात ते टिपून आणायला. दुपारभर आम्ही तिथे बाकावर बसलो. परत येऊन त्या आकड्यांचा आलेख काढला, तेव्हा त्या सगळ्या गोंधळातून एक गुळगुळीत वळण उभं राहिलं. सर माझ्या मागे उभे होते. म्हणाले, "अच्छा है." एवढंच. मी त्या संध्याकाळी मेसमध्ये जेवताना कुणाशी बोललो नाही, ते शब्द जरा वेळ तसेच राहू द्यावेत असं वाटत होतं.

संक्रांतीच्या सुमारास, सगळं गाव पतंग उडवत असताना, ऑफिसातून बोलावणं आलं. पात्रता विभागाने माझा अर्ज नाकारला होता. कारण असं, की त्यांच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र हा विषय होता आणि माझ्या पहिल्या वर्षाला नव्हता. दोन्ही अभ्यासक्रम समकक्ष नाहीत. मला दुसऱ्या वर्षाला बसताच येत नव्हतं.

"पण मी सहा महिने बसतोय," मी म्हणालो.

"वही तो," तिथले कारकून म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. "बैठना नहीं चाहिए था."

सर माझ्याबरोबर वरच्या मजल्यावर आले. पात्रता विभागाच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले, दार लोटलं. मी बाहेर बाकावर. आत सरांचा आवाज आधी हळू, मग मोठा, मग पुन्हा हळू झाला. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले असतील, मला ते कळलं नसतं. पण त्यांना जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागत होता. खाली आल्यावर म्हणाले, जूनमध्ये ये, पहिल्या वर्षापासून सुरू कर, मी आहे. ते त्यांनी मनापासून सांगितलं. पण ते येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, हे सगळ्या विभागाला माहीत होतं.

जूनपर्यंत थांबून पुन्हा पहिल्यापासून, तेही परराज्यात, हे आमच्या घराला झेपणारं नव्हतं. बहिणीचं लग्न ठरत होतं. गणवेश आता शाळा नाशिकहून तयार मागवायला लागल्या होत्या आणि अण्णांच्या दुकानात उसवलेलं शिवायलाच जास्त लोक यायचे. मी सामान बांधलं. भरूचच्या मित्राने स्टँडपर्यंत ट्रंक उचलली. बस सुटली तरी तो खिडकीबरोबर थोडा चालत आला.

मला वाटलं होतं, नाशिकला जुन्या कॉलेजात जाईन, चूक झाली म्हणेन, मॅडम आहेतच, पुन्हा वर्गात बसेन. काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"अहो, तुमचं नाव कमी झालंय ना! मायग्रेशन घेतलंत म्हणजे तुम्ही आमचे राहिला नाहीत."

"मग परत घ्या ना मला."

"घेऊ की. पण तिकडून दाखला लागेल. तिथे होता आणि तिथून सुटला, असा."

तो दाखला आणायला मी परत सापुताऱ्याचा घाट उतरलो. तिथे त्यांनी सांगितलं, की आमच्याकडे तुमची पात्रताच झाली नाही, म्हणजे तुम्ही आमचे विद्यार्थी कधी नव्हतातच. जो विद्यार्थी नव्हता तो सुटल्याचा दाखला कसा देणार? ते जे म्हणत होते ते चूक नव्हतं. नाशिकच्या बाई म्हणत होत्या तेही चूक नव्हतं. दोन्हीकडे माझ्याशी सगळे सभ्यपणे बोलत होते. कुणी खेकसलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

परतीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "काय शिकतोस?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. "सुट्टीवर आलोय," असं काहीतरी म्हणालो.

मग अण्णा नाशिकला आले. दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या खिशात मोजायची टेप तशीच राहिली होती, तिचं टोक बाहेर लोंबत होतं. मी ते आत ढकललं. काउंटरवर त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, त्याला कुठंतरी बसवा. लय हुशार हाय पोरगं. नुसता बसून राहील मागं, कुनाला तरास देनार नाय."

बाई उठून आत गेल्या, हेडक्लार्कना घेऊन आल्या. हेडक्लार्क म्हणाले, "काका, माझ्या हातात असतं तर आत्ता बसवला असता." आणि तेही खरं होतं. अण्णा थोडा वेळ तसेच उभे राहिले, हात जोडलेलेच. मग मी त्यांच्या कोपराला धरून बाहेर आणलं. पोर्चमध्ये मुलं स्कूटरींवर बसून हसत होती. नाशिकरोडची ती मुलगीही होती त्यांच्यात. तिने हात केला. मीही केला.

अण्णा म्हणाले, "चहा घ्यायचा का?" आम्ही चहा घेतला. निमाणीवरून त्यांना चांदवडच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा ते समोर बघत होते. मला वाटतं, माझ्याकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

ते उरलेलं वर्ष मी पंचवटीत काढलं. सकाळी मामा कंपनीच्या बसला जायचा, मामी कामाला लागायची आणि मी उगाच लवकर आवरून तयार व्हायचो. कपडे घालून, केस विंचरून बसायचो. काही दिवस नदीवर जाऊन बसलो, पण तिथे क्रियाकर्म करणारे भटजी विचारायचे, कुणाचं करायचंय? मंडईत जाऊन भाजी उतरवणारी माणसं बघायचो. मामाच्या मुलीचा अभ्यास घ्यायचो. मामा एका शब्दाने "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. उलट रोज आल्यावर विचारायचा, "काही कळलं का रे तिकडचं?" जसं काही तिकडून कळण्यासारखं काही असणारच होतं.

शेवटी मॅडमनी मार्ग काढला. कॉलेजने विद्यापीठाकडे विचारणा केली, विद्यापीठाने मी मधल्या काळात कुठेही शिकत नव्हतो असं मला लिहून द्यायला लावलं. मी तसं लिहून दिलं. ते वाक्य लिहिताना एसटी स्टँडवरची ती दुपार आठवत होती. सही केली. जूनमध्ये मला दुसऱ्या वर्षात घेतलं, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित. माझ्या बरोबरीची मुलं पुढे गेली होती. टेबलावर आता शेजारी नवीन मुलगा होता, त्याला मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की मला रंग कळत नाहीत. तो म्हणाला, "हात्तिच्या! मला तर नीट दिसतं. मी बघतो, तू लिही." त्याचं अक्षर वाईट होतं. असं आम्ही दोघांनी मिळून निभावलं. परीक्षेला मात्र ज्याचा त्याचा प्रयोग. मी वासावरून, फेसावरून, साका खाली बसायला किती वेळ लागतो यावरून ओळखायला शिकलो होतो. काही ओळखू आले, काही नाही. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो, दुसरा वर्ग थोडक्यात हुकला.

त्यानंतर संख्याशास्त्रात एम.एस्सी.साठी मी दोन ठिकाणी अर्ज केला. पदवी केमिस्ट्रीची, म्हणून दोन्हीकडून नकार आला. मामाने साहेबांच्या कानावर घातलं, पण लॅबसाठी वैद्यकीय तपासणी होती आणि त्यात तेच ठिपक्यांचं पुस्तक होतं. पुढे मी खाजगी क्लासेसमध्ये गणित शिकवायला लागलो. दोन हजार सालानंतर नाशकात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तेव्हा मला काम कमी पडलं नाही. आजही तेच करतो. पोरं चांगली असतात. संभाव्यतेचा धडा मी जरा जास्तच लांबवतो, असं ती म्हणतात.

माझ्या लग्नाच्या बोलणीला मुलीकडचे सटाण्याहून आले होते. चांदवडच्या घरात सतरंजी अंथरलेली, पोहे झालेले. मुलीच्या काकांनी अण्णांना विचारलं, "जावईबापूंचं शिक्षण कुठं झालं?"

अण्णांनी गळ्यातलं उपरणं नीट केलं. "नाशकात. आन् मंग गुजरातेत. तिकडं मोठ्या विद्यापीठात व्हता. हिशोबाचं शिक्षण. तिथले सर लय मानायचे त्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मामा कोपऱ्यात बसला होता, त्याने पोह्याची बशी उचलली आणि तिच्यात बघत राहिला. मला सांगता आलं असतं, की ते कुठेच धरलेलं नाही, मी स्वतःच तसं लिहून दिलेलं आहे. काकांनी पुढे विचारलं, "किती वर्षं होता तिकडं?"

अण्णा माझ्याकडे वळले. ते कसं मोजायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"थोडे दिवस," मी म्हणालो, आणि आईने चहा आणायला सांगितला.